शंभराव्या चेंडूनंतर

कॅल्डर्सबर्ग, ३ जुलै

बाबा,

हॅविलँड गेला. आज सकाळी नऊ वाजता क्लबनं त्याला टेक्ससच्या एका बेसबॉल संघाला देऊन टाकलं आणि साडेनऊला त्याच्या कपाटावरची नावाची पट्टी निघालीसुद्धा. मी कॉफी हातात धरून त्या उघड्या कपाटासमोर उभी होते. आत एकच मोजा राहिला होता. आपला सगळ्यांत भरवशाचा पिचर, आणि त्याला स्वतःलाही आठ वाजेपर्यंत पत्ता नव्हता. नाश्त्याला अंडी मागवून बसला होता म्हणे.

दोन वर्षांनी पत्र लिहितेय आणि सुरुवात अशी. पण हे दुसऱ्या कुणाला सांगू? फोन तुम्ही उचलत नाही. ग्लेनिस आत्या म्हणते, "लिही तू. पत्र आलं की तो ते फ्रीजवर ठेवतो आणि मी चर्चला गेले की वाचतो. मला कळत नाही असं त्याला वाटतं."

अर्धा हंगाम संपला. अठ्ठेचाळीस सामने झाले, अठ्ठेचाळीस उरले, आणि मागच्या वर्षी तळाला असलेले आपले पॉटर्स पहिल्या क्रमांकावर आहेत. ही सगळी कमाई सामना सुरू करणाऱ्या पाच पिचरांची. त्यातला एक आज गेला, म्हणजे राहिले चार.

मॅकार्डल चौतीस वर्षांचा आहे. त्याचा चेंडू इतका सावकाश येतो की माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या डॉम्बेकबाई म्हणतात, "हा फेकतो तेवढ्यात माझं अर्धं सँडविच होतं." तरी फलंदाज फसतात आणि माझा सर्वांत जास्त विश्वास त्याच्यावरच आहे. रोहास पहिल्या डावात घाबरतो. तीन धावा दिल्याशिवाय त्याला कंठच फुटत नाही, मग मात्र कुणाला ऐकत नाही. स्टुकीची फेक पाहत राहावी अशी, पण सहावा डाव आला की त्याची हवा जाते. त्याला शेवटच्या दोन डावांसाठी ठेवा, असं मी मे महिन्यात आकडे मांडून सांगितलं होतं. "छान कागद आहे," असं म्हणून कोचनं तो परत दिला.

चौथा टोबिन क्लाइन. नेब्रास्काचा, वीस वर्षांचा, डावखुरा. आता हॅविलँडच्या जागी रविवारचे सामने त्याच्याकडे आले आहेत. त्याचा चेंडू अगदी शेवटच्या क्षणी आत वळतो. तुमचाही असाच वळायचा असं गावातली माणसं सांगतात. मी कधी पाहिला नाही.

लायल प्रेथरचं नाव लिहिलं तर पत्र फाडू नका. तो अजून पिचिंग कोच आहे आणि मी त्याच्याबरोबर काम करते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझ्या पदवीदानाला तुम्ही टाय बांधून आला होता, आणि पुढच्याच आठवड्यात मी ही नोकरी सांगितली तेव्हा जेवणावरून उठलात. "ज्या माणसानं माझा हात संपवला, त्याच्यासाठी आकडे मांडणार का तू?" मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आता देते. मी त्याच्यासाठी मांडत नाही. तुम्ही एका सामन्यात एकशे एक्कावन्न चेंडू टाकलेत आणि तुम्हाला थांबवायला कुणी आलं नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले. मी आकडेवारी शिकले ती त्यासाठी.

एप्रिलमध्ये मी प्रेथरला सरळ म्हटलं, "टोबिनला शंभराच्या वर एकही चेंडू नाही." तो सूर्यफुलाच्या बिया चघळत होता. म्हणाला, "मोजेल कोण? बाकावरची पोरं? ती मोजतात कमी आणि पोरींकडे बघतात जास्त." मी म्हटलं, "मी मोजीन." तेव्हापासून मी फलंदाजाच्या मागच्या बाजूला चौथ्या रांगेत चेंडू मोजायचा काउंटर हातात घेऊन बसते. प्रत्येक डाव संपला की प्रेथर खेळाडूंच्या डगआउटच्या पायरीवर येऊन वर बघतो, मी बोटांनी आकडा दाखवते. शंभर झाले की मूठ वर. मूठ दिसली की पिचर बाहेर, पुढे प्रश्न नाही.

एवढंच सांगायचं होतं. की आता कुणीतरी आहे.

तुमची,
वेर्ना


८ जुलै

बाबा,

तुम्ही पेपर वाचला असेल. मी अजून भानावर नाही.

काल रविवारी दुपारी टोबिननं नऊ डावांत समोरच्या संघाला एकही फटका मारू दिला नाही. एकही नाही. नो-हिटर! आपल्या मैदानावर हे याआधी कधी झालं ते सांगणारं कुणी जिवंत नाही.

पाचव्या डावात सगळ्यांच्या ध्यानात आलं आणि मग जे होतं ते झालं. डगआउटमध्ये टोबिनच्या दोन्ही बाजूंचा बाक रिकामा झाला. अशा वेळी बोललं की दृष्ट लागते म्हणतात, म्हणून त्याच्याशी कुणी बोलेना. पाण्याचा पेला कुणीतरी त्याच्या शेजारी ठेवून पळालं. स्टँडमध्ये कुणी जागा बदलेना. माझ्या मागच्या रांगेतले एक गृहस्थ नवखे असावेत, ते म्हणाले, "अरे, यांचा तर अजून एकही..." डॉम्बेकबाईंनी मागे न वळताच सांगितलं, "पुढचा शब्द काढलात तर ही मोहरीची बाटली तुमच्या डोक्यावर रिकामी करीन." टोबिन त्यांच्याच घरी तळघरातल्या खोलीत राहतो. क्लबच्या पोरांना गावातली घरं ठेवून घेतात, तसा. त्या त्याचे मोजे धुतात. सहाव्या डावापासून त्यांनी माझा हात धरून ठेवला होता, डावा. उजव्या हातात काउंटर.

सहाव्या डावाअखेर चौऱ्याऐंशी झाले होते. मी आठ आणि चार बोटं दाखवली. प्रेथरनं मान हलवली.

सातव्यानंतर मात्र त्यानं वर पाहिलं नाही. आठव्यानंतरही नाही. मला काय करता आलं असतं? बिनफटक्याचा सामना चालू असताना तिथून ओरडायचं? तुम्हीच सांगा.

एकूण एकशे अठ्ठावीस.

शेवटचा फलंदाज बाद झाला. मग डॉम्बेकबाई रडायला लागल्या. मीही रडले. टोबिन पिचरच्या उंचवट्यावर उभा होता आणि सगळे धावत येईपर्यंत डावा हात पोटाशी धरून होता. मी ते कागदावर लिहिलं, "हात पोटाशी". का लिहिलं ते माहीत नाही.

वेर्ना


१२ जुलै

बाबा,

टोबिनच्या कोपरातला अस्थिबंध फाटला.

मंगळवारी सकाळी त्याला दुधाची बाटली उचलता आली नाही. डॉम्बेकबाईंना वाटलं, पोरगं थट्टा करतंय. "काय रे, हिरो झालास म्हणून आता दूधसुद्धा मी ओतू का?" मग त्याचा चेहरा पाहिला त्यांनी. पिट्सबर्गला तपासणी झाली. मनगटातली कंडरा काढून कोपरात बसवणार. वर्ष जाईल, कदाचित दीड. आणि तो चेंडू तसा पुन्हा वळेल की नाही, हे डॉक्टर आत्ता बोलायला तयार नाहीत.

काल क्लबच्या ऑफिसात बोलावणं होतं. व्यवस्थापक मिस टॅगर्ट, प्रेथर आणि मी. त्यांनी माझा कागद पुढे ठेवला आणि प्रेथरला विचारलं, "शंभराची मर्यादा होती. सातव्यानंतर एकशे एक झाले होते. तुम्हाला आकडा कळला नव्हता का?"

प्रेथर म्हणाला, "मी विचारलाच नाही."

"का?"

"नाही विचारला."

बस, एवढंच बोलला. बाबा, चौसष्ट वर्षांचा माणूस, पाच मिनिटांत त्याला घरी पाठवलं. टोपी टेबलावर ठेवून गेला. सव्वीस वर्षांपूर्वी तुमच्या बाबतीत जे केलं तेच पुन्हा, अगदी तसंच. तुम्ही त्याच्याविषयी जे सांगत होता ते सगळं खरं होतं. मी उगाच तुमच्याशी भांडले.

मी दाराजवळ उभी होते. मला कुणी काही विचारलं नाही.

वेर्ना


१९ जुलै

बाबा,

तुमचं कार्ड काल आलं. दोन वर्षांतलं पहिलं. मी ते फाटकाजवळ उभ्यानंच वाचलं आणि मग तिथेच पायरीवर बसले. तुमचे शब्द पुन्हा लिहून काढते, कारण मला ते हातानं लिहून पाहायचे आहेत.

"वेर्ना, तू लिहितेस की लायलनं वर पाहिलं नाही. लायल पाहतो. कुत्र्यासारखा सवयीचा माणूस आहे तो. माझ्या वेळी तो सातव्यात एकदा बाहेर आला, आठव्यात एकदा. दोन्ही वेळा मला थांबवायला, चेंडू मागायला हात पुढे केला. मी चेंडू दिला नाही. मोठ्या क्लबचा माणूस त्या दिवशी मला बघायला आला होता. आठव्यात मी लायलला सगळ्यांसमोर शिवी दिली आणि तो परत गेला. घरात मी निराळं सांगत आलो. तुझ्या आईलासुद्धा. आता तू खरं काय ते लिही."

तुमचं अक्षर इतकं लहान झालंय हे मला माहीत नव्हतं.

सांगते. त्यानं पाहिलं. सातवा डाव संपला, एकशे एक झाले होते, आणि प्रेथर पायरीवर आला आणि त्यानं वर माझ्याकडे पाहिलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलं. माझी मूठ वर जायला हवी होती. मी मान खाली घालून कागदावर लिहीत असल्यासारखं केलं. काही लिहीत नव्हते. पेन्सिल नुसती गोल फिरवत होते. आठव्यानंतर तो पुन्हा आला, मी पुन्हा तेच केलं. तेव्हा एकशे तेरा.

आधी मी मनाशी म्हणत होते की मी त्या रिवाजाला घाबरले. माझ्या मुठीनं सगळं मोडलं असतं तर गावानं मला माफ केलं नसतं, डॉम्बेकबाईंनी माझा हात सोडला असता. पण माझ्याकडे आकडेवारीची पदवी आहे, बाबा. मूठ वर केल्यानं कुणाचा फटका बसत नाही, हे मला कळतं. सहाव्या डावापासून टोबिनचा हात चेंडू सोडताना चार बोटं खाली येत होता, म्हणजे तो थकला होता. तेही मी टिपलं होतं, तेही माझ्याच कागदावर आहे.

मला तो सामना हवा होता. इतकंच. माझ्या आयुष्यात एकदा तसं काही माझ्यासमोर व्हावं असं मला वाटत होतं, आणि ते होत होतं.

आणि ऑफिसात प्रेथर "मी विचारलाच नाही" म्हणाला तेव्हा तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

मी लहानपणापासून एका माणसाचा राग करत आले. आपल्या घरात जेवणाच्या टेबलावर तो आपल्याबरोबर बसायचा, मिठाच्या भांड्यासारखा. त्याच रागावर मी शिकले, कॉलेजच्या अर्जातही तीच गोष्ट लिहिली. आता त्यातलं काय उरलं ते मला कळत नाहीये. तुमच्यावर चिडावं तर मी स्वतः काय केलं ते समोर दिसतं.

सोमवारी ऑफिसात जाऊन सांगणार आहे. नोकरी जाईल. त्यापेक्षा टोबिनला सांगायचं आहे, त्याची भीती जास्त वाटते. पुढच्या शुक्रवारी त्याचं ऑपरेशन आहे.

वेर्ना


२३ जुलै

बाबा,

सांगितलं.

मिस टॅगर्टनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू हे सांगितलं नसतंस तर कुणाला कळलं नसतं." मला वाटलं त्या रागावतील. त्या त्रासलेल्या होत्या, एखादं बंद केलेलं खोकं पुन्हा उघडावं लागावं तशा. काउंटर टेबलावर ठेवून जायला सांगितलं. प्रेथरला पुन्हा बोलावू, असंही म्हणाल्या.

मी तिथून सरळ त्याच्या घरी गेले. तो मागच्या अंगणात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होता. मला पाहून म्हणाला, "होलुबची पोरगी. धर हे टोक."

मी दोरीचं टोक धरलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तो गाठ मारत राहिला.

मग म्हणाला, "तुला काय वाटलं, मला कळलं नाही? एप्रिलपासून तू एकदाही बोटं दाखवायला चुकली नाहीस. त्या दिवशी मान खाली घातलीस, याचा अर्थ न कळायला मी काय काल जन्मलो?"

"मग तुम्ही का नाही थांबवलं त्याला?"

"तुझ्या बापापुढे दोनदा हात केला. त्यानं दिला नाही, आणि सव्वीस वर्षं गावात मीच नालायक." त्यानं कात्रीनं दोरी कापली. "या वेळी म्हटलं, नकोच करायला हात पुढे. मूठ तर दिसली नाही ना? मग झालं. तुझी मान खाली होती म्हणून मला सोयीचं झालं, पोरी. म्हणून तुझं नाव घेतलं नाही. तुझ्यावर उपकार वगैरे केले नाहीत मी."

मी विचारलं, "परत येणार का?"

"नाही. मॅकार्डलला सांग, दोन दिवस आधी हात गरम करू नकोस म्हणावं, त्याची ती खोड जात नाही. आणि स्टुकीबद्दल तू मे महिन्यात जो कागद आणला होतास, तो बरोबर होता."

बाबा, मी तीन जणांना दोषी धरत आले होते, आधी प्रेथरला, मग तुम्हाला, मग स्वतःला. तिथे त्या अंगणात उभं राहून मला दिसलं की त्या रविवारी आकडा सगळ्यांना माहीत होता. प्रेथरला, मला, डॉम्बेकबाईंना. माझा काउंटर त्यांच्या नजरेसमोर होता, त्या वाचू शकत होत्या. दोन हजार माणसं होती, आणि सगळी मिळून गप्प बसली एका वीस वर्षांच्या पोराच्या हातासाठी. त्याच्या हाताविरुद्ध म्हणायला हवं.

आज दुपारी टोबिनकडे गेले. डॉम्बेकबाईंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि तळघराच्या जिन्याकडे बोट केलं. त्यांना ऑफिसातली गोष्ट कळली असावी. माझ्या मागे हळू आवाजात म्हणाल्या, "मीही पाहिला होता गं आकडा." आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

तो पलंगावर बसून उजव्या हातानं मक्याचं कणीस खात होता. अर्धे दाणे अंगावर. डावा हात गळ्यात अडकवलेल्या पट्ट्यात. मला म्हणाला, "बस ना. डॉम्बेकआजी दिवसातून सहा वेळा कणीस देते. तिला वाटतं कोपर मक्यानं जोडतं."

मी बसले नाही. सांगायला सुरुवात केली, सातव्या डावापासून. मूठ वर करायचं ठरलं होतं हे त्याला माहीत नव्हतं, तेही सांगितलं. चार बोटं खाली आलेल्या हाताचंही. मी क्षमा मागायचं ठरवून गेले होते, ते वाक्य पाठ केलं होतं, पण त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला आणि मी वाक्य अर्ध्यावर विसरले. त्यानं कणीस ताटलीत ठेवलं.

"म्हणजे हे सगळं तू ऑफिसात सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"हो."

"लीगलाही कळेल?"

"कळेल बहुतेक."

तो पट्ट्याच्या कडेशी बोटानं खेळू लागला. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "मग ते काढून घेतील का? नो-हिटर? मर्यादेच्या बाहेर टाकला म्हणून?"

मला आधी कळलंच नाही तो काय विचारतोय. मी त्याच्या हाताबद्दल बोलायला गेले होते. वर्ष, दीड वर्ष, कदाचित कायमचंच. आणि तो घाबरला होता तो या गोष्टीला.

"नाही," मी म्हटलं. "मर्यादा आपली होती, क्लबची. नियमात तसं काही नाही. ते तुझंच राहणार."

"नक्की?"

"नक्की. कायमचं."

तो हसला, बाबा. सगळ्या चेहऱ्यानं हसला. मग डोळे पुसले आणि म्हणाला, "तू मूठ वर केली असतीस ना, तर मी तुला जन्मात माफ केलं नसतं." आणि लगेच, "पण करायला हवी होतीस." दोन्ही एकाच दमात. मग त्यानं भिंतीकडे तोंड केलं आणि मला जायला सांगितलं. माफ केलं की नाही ते मला माहीत नाही. त्यालाही माहीत नसावं.

येताना नदीकाठच्या रस्त्यानं आले. डोक्यात ते हसू होतं, आणि त्यामागे तुम्ही. बावीस वर्षांचे, चेंडू पाठीमागे लपवून उभे, प्रेथर हात पुढे करून वाट पाहतोय.

त्या सामन्यातलं सगळं मला तोंडपाठ आहे असं मला वाटायचं. एकशे एक्कावन्न चेंडू, कोणत्या डावात किती, कोपर कोणत्या क्षणी गेलं. आज वाटेत थांबले, कारण माझ्या लक्षात आलं की एक गोष्ट तुम्ही घरात कधी सांगितलीच नाही आणि मीही इतक्या वर्षांत एकदाही विचारली नाही.

रविवारच्या सकाळच्या बसनं येतेय. फोन उचलू नका हवं तर, दार मात्र उघडा. आणि आत घेण्याआधी तेवढं सांगा: त्या दिवशी जिंकलात का?

वेर्ना